नियम क्रमांक सात

चारुदत्त मोहरील यांनी पंचवीस वर्षांत अकरा युवक मंडळे स्थापन केली आणि त्यांतली दहा बंद पडली. अकरावे चालू होते. निदान बंद पडल्याचे कानावर आले नव्हते. मोहरील घाटंजीला एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. सुट्टी मिळाली की स्कूटरला किक मारून ते एखाद्या गावी जात, पारावर पोरे गोळा करत, त्यांना मंडळाची घटना लिहून देत, कुठून तरी कॅरम बोर्ड मिळवून देत आणि नारळ फोडायची वेळ आली की मागे सरकून सरपंचांना पुढे करत. नारळ सरपंच फोडायचे, फोटो सभापतींचा निघायचा आणि नारळाची शेंडी, कागद, सुतळी वगैरे गोळा करायला मोहरील उरायचे.

इतक्या वर्षांत माइकवरून त्यांचे नाव एकदाच पुकारले गेले होते. ‘मोहरील यांनी आपली स्कूटर रस्त्यातून काढावी, पाहुण्यांची गाडी अडली आहे,’ असे. त्यांनी धावत जाऊन स्कूटर काढली होती, पण नाव ऐकून क्षणभर बरे वाटले होते हे त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलेही होते.

त्यामुळे २००७ च्या जानेवारीत जिल्हा युवक मंडळ महासंघाचे परिपत्रक आले तेव्हा त्यांनी ते आवक रजिस्टरात चढवायच्या आधी तीनदा वाचले. नवी मंडळे उभी करायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचा महासंघ सन्मान करणार होता. शाल, श्रीफळ आणि पितळी पदक. अट एवढीच की स्थापन केलेले किमान एक मंडळ दोन वर्षे अखंड चालू असावे, त्यात वीस सभासद असावेत आणि हजेरीच्या रजिस्टराची प्रत अर्जासोबत जोडावी.

“शाल देतात म्हणे,” कुंदाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

“शालीचं काही नाही गं. नाव पुकारतात. माइकवर.”

कुंदाताईंनी विचार केला. लग्नात उखाण्यात एकदा घेतले तेवढेच, त्यानंतर त्यांनीही नवऱ्याचे नाव कधी घेतले नव्हते. कचेरीत सगळे ‘आवक-जावक’ म्हणत. मुलगा सलील पुण्याला संगणकाच्या कंपनीत, तो ‘बाबा’ म्हणायचा, तेही रविवारी, फोनवर. “खरं आहे,” त्या म्हणाल्या, “तुमचं नाव तसं कोणी घेतच नाही. करा अर्ज.”

चालू असलेले अकरावे मंडळ कोसदऱ्याचे. घाटंजीपासून स्कूटरने पाऊण तास. दोन वर्षांपूर्वी ते सुरू झाले तेव्हा एकवीस तरणीताठी पोरे होती आणि मोहरीलांनी त्यांना अकरा नियमांची घटना स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती. त्यातला सातवा नियम त्यांचा फार लाडका. ‘जो सभासद लागोपाठ तीन बैठकांस गैरहजर राहील, त्याचे नाव कमी करण्यात येईल.’ यावर ते प्रत्येक गावात वीस मिनिटे बोलत. पहिली दहा मंडळे खरे तर याच नियमाने बंद पडली होती, कारण पेरणीच्या दिवसांत तीन आठवडे उलटले की सगळ्यांची नावे कमी होत आणि मंडळात उरायला कोणी राहत नसे. पण नियम चुकला असे मोहरीलांना कधी वाटले नाही. माणसे चुकली असे वाटायचे.

कोसदऱ्याला ते दीड वर्षात गेले नव्हते. कापसाने त्या दिवसांत जिल्ह्याची झोप उडवली होती. मुंबईहून, दिल्लीहून समित्या येत, माहिती मागवत, मागवलेली माहिती हरवली म्हणून पुन्हा मागवत, आणि आवक-जावकच्या टेबलाला रविवारसुद्धा उरला नव्हता. म्हणून त्यांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी धाडली. दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरच्या हाती, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेले रजिस्टर आले.

रजिस्टर पाहून मोहरीलांचे डोळे भरून आले. एकशे चार गुरुवार आणि एकवीसच्या एकवीस पोरे हजर. पोळ्याच्या पाडव्याला हजर, दिवाळीत हजर, नाल्याला पूर येऊन गावाची वाट बंद होती त्या गुरुवारीही हजर. ज्या माणसाने तीस वर्षे सरकारी कागद हाताळले त्याला शंभर टक्के म्हटल्यावर शंका यायला हवी होती. पण आपले नाव पुकारले जाणार या आनंदात माणूस शंका घेत नाही. मोहरीलांनी अर्जाला रजिस्टराची झेरॉक्स जोडली, रजिस्टर कंडक्टरच्या हाती परत धाडले आणि अर्जावर स्वतःच्या हाताने जावक क्रमांक टाकला.

बारा दिवसांनी महासंघाचे सचिव अनंतराव यांचा कचेरीत फोन आला. अनंतराव आकड्यांचे वेडे. शंभर टक्के हजेरी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी सांगितले की जिल्ह्यात पहिले मोहरील, आणि एवढेच नव्हे, सोहळाही यवतमाळला न घेता कोसदऱ्यातच घ्यायचा; पुढच्या गुरुवारी, सकाळी अकराला. एकवीसही युवकांना मंचावर बोलवायचे, प्रत्येकाला ‘युवाशक्ती’ छापलेला टी-शर्ट द्यायचा. टी-शर्ट छापून झालेसुद्धा. सगळे मध्यम मापाचे, कारण महासंघाच्या मते युवक मध्यम मापाचाच असतो.

फोन आला तो दिवसही गुरुवारच होता; त्याच संध्याकाळी मोहरील आनंदाची बातमी घेऊन कोसदऱ्याला पोचले. स्कूटर दिसताच गावाला वाटले समिती आली. दोन खुर्च्या आल्या, चहा ठेवला गेला आणि गावातले एक कास्तकार घनश्याम भोयर यांनी, मोहरीलांनी मफलर सोडायच्या आत, एकरी किती कापूस झाला ते सांगायला सुरुवात केली. ओळख पटल्यावर मात्र ते हसले आणि त्यांना मंडळाच्या खोलीत घेऊन गेले.

खोली झाडलेली होती. बोर्डावर पावडर टाकलेली होती. भोवती वीसेक माणसे बसली होती आणि त्यांच्यात पन्नाशीच्या आतले कोणी नव्हते. धोतरे होती, पागोटी होती, पाचसहा लुगडीही होती. इंदुताई नावाच्या बाईंनी, चष्मा कपाळावर सारून, एका फटक्यात राणी आणि तिच्यामागून सोंगटी घेतली.

मोहरीलांना वाटले, पोरे यायची असतील. तेवढ्यात घनश्याम भोयरांनी रजिस्टर उघडले.

“नयन घनश्याम भोयर,” त्यांनी पुकारले आणि स्वतःच उत्तर दिले, “हजर.” खूण केली. “अमरसिंग प्रेमसिंग राठोड.”

“हजर,” तांड्यावरचे प्रेमसिंग कोपऱ्यातून म्हणाले. त्यांचे वय साठीच्या पुढचे होते. इंदुताईंच्या मुलाचे नाव आले तेव्हा त्यांनी स्ट्रायकर न सोडता हजेरी दिली. अशी एकवीस नावे झाली.

“घनश्यामभाऊ, हे काय चाललंय?”

“हाजरी घेऊन राह्यलो जी.”

“पण पोरं कुठं आहेत?”

“नयन चाकणले हाये. प्रेमसिंगचा सुरतले. इंदुताईचा हैदराबादले, वाचमन हाये थो. दोन सालं पऱ्हाटीनं कापूसच देल्ला नाई, मंग एकएक करून गेले.”

“मग तुम्ही काहून हजर म्हणता?”

घनश्याम भोयर भिंतीपाशी गेले. तिथे मोहरीलांच्या अक्षरातली घटना काचेच्या चौकटीत लावलेली होती आणि चौकटीला हार होता. सातव्या नियमावर बोट ठेवून ते म्हणाले, “तुमीच तं लिवून देल्लं ना जी. तीन गुरुवार नाई आला तं नाव कमी. पयला पोट्टा गेला, तवा मीनं म्हनलं, लेकराचं नाव काहून जाऊ द्याचं? आपन बसू त्याच्या जागी. मंग सारेच याले लागले. आता पोट्टे वापस येतीन, तवा नाव पायजे ना जागेवर.”

मोहरीलांनी नियम बदलता येतो असे सुचवून पाहिले. त्यावर प्रेमसिंगांनी नियम क्रमांक अकरा दाखवला. घटनेत बदल करायचा तर दोन तृतीयांश सभासदांनी स्वतः उपस्थित राहून हात वर करायला हवे होते. मोहरीलांनी घटना फार पक्की लिहिली होती.

सोहळ्याची बातमी मात्र सांगावीच लागली. मोहरीलांना वाटले, ऐकून माणसे घाबरतील. झाले उलटेच. सगळ्यांचे चेहरे उजळले. पोरांना बोलावण्याइतके पक्के कारण ती गेल्यापासून त्यांना मिळाले नव्हते. सण काय, दरवर्षी येतात आणि दरवर्षी सुट्टी नसते. पण मंचावर नाव पुकारणार म्हटल्यावर कोणता मालक सुट्टी नाकारेल, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे मांडला.

पुढचे सात दिवस फाट्यावरच्या फोनच्या टपरीसमोर रांग लागली. आईबाप एकेक करून आत जात, पत्ता सांगावा तसे मोठ्याने बोलत आणि बाहेर येऊन एकच शब्द सांगत. पोरगा ‘पाहतो’ म्हणाला. एकवीसही पोरे ‘पाहतो’ म्हणाली होती. कोसदऱ्याने त्याचा अर्थ ‘येतो’ असा घेतला, घरे सारवली, डब्यांत लाडू भरले, आणि इंदुताईंनी पोराची बाज दुसऱ्या सुताने नव्याने विणून घेतली.

मोहरीलांनी अनंतरावांना खरे सांगायचे दोनदा ठरवले. पहिल्यांदा फोन लागला तेव्हा अनंतराव पाहुण्यांची यादी वाचत होते, ती संपेना. दुसऱ्यांदा मोहरीलांनी आकडे फिरवले आणि पलीकडे घंटा वाजायच्या आतच रिसीव्हर खाली ठेवला. लपवण्यात अर्थ नाही, त्यांना ते पदक हवे होते. मनातल्या मनात त्यांनी मंचावरून कसे चालायचे तेही ठरवले होते. रविवारी त्यांनी सलीललाही सांगितले की गुरुवारी बाबांचा सत्कार आहे, जमलं तर ये. कुंदाताईंनी त्याच्या खोलीतल्या पलंगाची चादर बदलली. ती चादर दर पंधरा दिवसांनी बदलली जायची. तिच्यावर दीड वर्षात कोणी झोपले नव्हते.

“काय म्हणाला?” त्यांनी विचारले.

“पाहतो म्हणाला.”

गुरुवारी सकाळी सगळे कोसदरा फाट्यावर उभे होते; मोहरीलांबरोबर कुंदाताईही आल्या होत्या. आठच्या गाडीतून मंडपवाल्याचा माणूस उतरला. साडेनऊच्या गाडीतून ढाणकीचे एक गृहस्थ सपत्नीक उतरले. त्यांनी उमरखेडकडे दोन मंडळे काढली होती, त्यांचा दुसरा क्रमांक आला होता आणि पहिला क्रमांक कसा दिसतो ते पाहायला ते आले होते. त्यांना पाहून गावकऱ्यांनी मागे आणखी कोणी आहे का ते वाकून पाहिले. दहाची गाडी थांबलीच नाही. कोणी उतरणारे नव्हते.

अनंतराव टी-शर्टांचे खोके घेऊन जीपमधून आले. प्रमुख पाहुणे यायला अजून अवकाश होता म्हणून त्यांनी मंचामागे टेबल मांडले आणि मंडळाच्या रजिस्टरवरून नावे घेत टी-शर्ट वाटायला सुरुवात केली.

“नयन घनश्याम भोयर.”

सवयीने तोंडून शब्द गेला. “हजर,” घनश्याम भोयर म्हणाले आणि पुढे झाले. अनंतरावांना वाटले, मुलगा आंघोळीला गेला असेल, बाप टी-शर्ट न्यायला आला. पण घनश्यामभाऊंनी तो तिथेच बंडीवरून चढवला. बेंबीपर्यंत आला आणि थांबला. प्रेमसिंगांचा पागोट्यात अडकला तो दोघांनी मिळून खाली ओढला. इंदुताईंनी लुगड्यावरून घातला आणि पदर त्याच्यावरून नीट घेतला. आठ नावे अनंतरावांनी अशीच वाचली. नवव्याला त्यांनी रजिस्टर मिटले आणि मोहरीलांकडे पाहिले.

मोहरीलांनी सगळे सांगितले. सातवा नियम, अकरावा नियम, चाकण, सुरत. टी-शर्ट घातलेले आठजण ओळीने उभे राहून ऐकत होते.

अनंतराव वाईट माणूस नव्हते. शंभर टक्क्यांचा आकडा गेला याचे दुःख त्यांनी गिळले आणि वाट काढली. त्यांनी मोहरीलांना बाजूला घेतले.

“हे बघा मोहरील, सन्मान मंडळ स्थापन केल्याचा आहे. स्थापन तुम्हीच केलं. लाल शाई घ्या, ही एकवीस नावं तुमच्याच सातव्या नियमानं आत्ता कमी करा आणि खाली सही ठोका. वीस कोरी नावं मी घेतो कुठून तरी. पदक तुमचंच.”

“नावं कमी करायची?”

“गावात तरी कोण आहे त्यातलं? कागदावर ओढायची रेघ.”

मोहरीलांनी पेन घेतले. पलीकडे मंचावर माइकवाला तपासणी करत होता, हॅलो, हॅलो, एक दोन तीन. अर्ध्या तासात त्याच माइकवर त्यांचे नाव येणार होते. त्यांनी रजिस्टर उघडले. पहिले नाव नयनचे. त्या ओळीतली शेवटची खूण मागच्या गुरुवारची, घनश्यामभाऊंनी त्यांच्यासमोरच केलेली. मोहरीलांनी आयुष्यात शेकडो नावे कमी केली होती आणि दर वेळी झोप छान लागली होती. आज त्यांना ढाणकीच्या गृहस्थांमागे वाकून पाहणारी माणसे दिसत राहिली. त्यांना फार वाईट वाटले, आधी त्यांच्यासाठी आणि मग स्वतःसाठी. त्यांनी पेनाला टोपण लावले.

“नाही जमायचं, अनंतराव. नावं राहू द्या.”

“मग पदक?”

“ते ढाणकीच्या गृहस्थांना द्या. सपत्नीक आलेत.”

सोहळा छान झाला. ढाणकीच्या गृहस्थांना आनंद आवरेना. शाल कुणी उलगडायची, नारळ कोणत्या हातात द्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तबक घेऊन मोहरीलच उभे राहिले. उरलेले टी-शर्टही अनंतरावांनी वाटून टाकले होते; गावकरी ते घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि मनापासून टाळ्या वाजवत होते. समारोपाला माइकवाल्याने घसा साफ केला.

“चारुदत्त मोहरील,” तो म्हणाला. मोहरीलांनी तबक खाली ठेवून शर्ट सारखा केला. “चारुदत्त मोहरील यांनी आपली स्कूटर काढावी. जनरेटरची गाडी निघून राह्यली.”

ते स्कूटर काढत असताना घनश्याम भोयर जवळ आले.

“तुमाले पोरगं हाये ना जी?”

“आहे. पुण्याला.”

“याचा होता काय आज?”

“पाहतो म्हणाला होता.”

घनश्यामभाऊंनी मान हलवली. या शब्दाचा अर्थ त्या गावात आता कुणाला विचारावा लागत नव्हता. त्यांनी सलीलचे पूर्ण नाव तेवढे विचारून घेतले आणि राहिलेले लाडू कुंदाताईंच्या पिशवीत घातले. घरी परतताना पाऊण तास कुंदाताई ती पिशवी मांडीवर धरून मागे बसल्या.

पुढच्या गुरुवारी दुपारी चार वाजता कुंदाताई कचेरीत आल्या आणि आवक-जावकच्या टेबलापुढे पर्स घेऊन उभ्या राहिल्या. “स्कूटर काढा,” एवढेच त्या म्हणाल्या.

कोसदऱ्याला खोलीत बोर्ड मांडलेला होता. घरी एवढा एकच नवा कपडा आला होता म्हणून म्हणा, पण अर्ध्याहून अधिक जण टी-शर्ट घालून बसले होते. इंदुताईंनी सरकून कुंदाताईंना जागा दिली. घनश्यामभाऊंनी रजिस्टर उघडून हजेरी सुरू केली. नयन झाला, अमरसिंग झाला, चाकण, सुरत, हैदराबाद सगळे हजर झाले. एकवीस नावे संपली तरी त्यांनी रजिस्टर मिटले नाही. चष्मा सारखा केला, खालच्या नव्या ओळीवर बोट ठेवले आणि माइकची गरज पडू नये अशा खणखणीत आवाजात पुकारले,

“सलील चारुदत्त मोहरील.”

चारुदत्त मोहरीलांनी आपले नाव ऐकले. मुलाच्या नावाला लागून, नीट, सावकाश घेतलेले. अकरा गावांतल्या पोरांना ‘हजर’ मोठ्याने म्हणायला शिकवलेल्या माणसाने तोंड उघडले, आणि कुंदाताईंकडे वळून पाहिले. घनश्यामभाऊ पेन धरून थांबले. इंदुताईंनी स्ट्रायकर धरून ठेवला.

“हजर,” कुंदाताई म्हणाल्या.

घनश्यामभाऊंनी खूण केली आणि सोंगट्यांची पिशवी पुढे करून मोहरीलांना विचारले, पांढऱ्या घेता की काळ्या.